शनिवारी हाक नाही

आमच्या गावात शनिवारी बांधाला हात लावत नाहीत. लग्नं लावतात, घराचे पाये खणतात, भावकीची जुनी भांडणं उकरून काढतात, पण खाडीच्या बांधावर शनिवारी कोणी फावडं टाकत नाही. शेजारच्या गावात असं काही नाही. पेणच्या खारपट्टीत इकडेतिकडे विचारून पाहिलं, तिथेही शनिवार म्हणजे बाकीच्या वारांसारखाच एक वार. हे खूळ आमच्याच गावाला कुठून लागलं, हा प्रश्न मला पडला तो निवृत्त झाल्यावर. त्याआधी असले प्रश्न पडून घ्यायला सवड नव्हती.

मी रोह्याच्या एका शाळेत भूगोल शिकवला. राहायला अष्टमीत, पुलापलीकडे. नोकरी संपली तशी भाड्याची खोली सोडली आणि गावी, भावाच्या घरी परत आले. भाऊ आता नाही. त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जातो. तो मला 'चौकशी खिडकी' म्हणतो. एसटी स्टँडवरच्या त्या खिडकीला लोक प्रश्न विचारतात आणि आमच्या घरची खिडकीच लोकांना विचारत सुटते, एवढाच काय तो फरक. मला त्याचा राग येत नाही. माणसाने म्हातारपणी काहीतरी खोड ठेवावी, आणि ही त्यातल्या त्यात स्वस्त आहे.

बांध म्हणजे काय ते आधी सांगते. आमची भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. खाडी आणि आमचा भात यांच्यामध्ये मातीचा एक लांबलचक बांध आहे, दुसरं काही नाही. तो कुठे फुटला की खारं पाणी आत शिरतं, आणि एकदा का जमीन खारावली की पुढची काही वर्षं तिच्यात धड पीक येत नाही. म्हणून बांध फुटला की गावकीची हाक जाते. एक माणूस आळ्याआळ्यांतून ओरडत फिरतो आणि प्रत्येक घरातून एकाने फावडं घेऊन बांधावर यायचं. काम संपलं की गावकीचे पंच एकेका घराला पुकारतात आणि त्या घराने 'हाय' म्हणायचं. ज्या घरातून 'हाय' येत नाही, त्या घराकडे गाव काही दिवस तोंड वाकडं करून बघतं. आता ठेकेदार येतो, मशीन येतं, सगळं खरं. पण उधाण ठेकेदारासाठी थांबत नाही, म्हणून हाक अजून चालू आहे. फक्त शनिवारी ती जात नाही.

कारण विचारायला लागले आणि जितकी तोंडं तितकी कारणं निघाली. दारावर मासळी घेऊन येणारी म्हणाली, "शनवार मारुतीचा वार, गो. त्या दिवशी माती खणायची नाय." मी म्हटलं, मग घरांचे पाये कसे खणता? ती म्हणाली, "तुला बोंबील घ्यायचे हायत का नाय?" एकाने सांगितलं, फार पूर्वी शनिवारी बांधावर काम करताना एका माणसाला नाग चावला होता. कोणाला, ते त्याला माहीत नव्हतं. पुतण्याचं म्हणणं, कंपनीला सुट्टी असते म्हणून. अरे, कंपनी माझ्या डोळ्यांदेखत आली, हाक तिच्या कितीतरी आधीची, असं मी त्याला सुनावलं. तेव्हा तो म्हणाला, "मग नाय माहीत, आत्या." इतकं प्रामाणिक उत्तर गावात दुसऱ्या कोणी दिलं नाही.

शेवटी तात्यांकडे गेले. तात्या म्हणजे गावकीचे पंच, नात्याने माझे चुलते. वय झालं आहे, पण घरं पुकारताना आवाज अजून खाडीपलीकडे जातो. ते ओटीवर सुपारी कातरत होते.

"बापानं धरला म्हणून मी धरतो," ते म्हणाले. "आता तू त्याचं ऑपरेशन करू नको."

अशा बोलण्याने मी गप्प बसले असते तर मग काय हवं होतं!

वाट सापडली ती फोनवर. आकाशातून काढलेला नकाशा हल्ली फोनवर दिसतो, आणि भूगोलाच्या बाईला तो मिळाला की तिला जेवणाची शुद्ध राहत नाही. मी आमचा बांध बोटाने सरकवत सरकवत पाहत होते. तो खाडीच्या कडेने सरळ येतो आणि गावाच्या टोकाला एकाएकी खाडीकडे वाकतो. कोपरातून हात वाकवावा तसा बाहेर जातो, आणि पुन्हा आत येऊन सरळ चालू लागतो. मला हे पटेना. बांध सरळ घातला तर माती कमी लागते, पाण्याचा मार कमी बसतो. मुद्दाम खाडीच्या अंगावर जायचं कोणाला सुचलं? आणि त्या कोपरात राखलंय तरी काय? भाताचं एक खाचरही तिथे दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालत गेले. लहानपणापासून ती जागा मला माहीत होती, पण तिथे बांध वाकतो हे कधी जाणवलं नव्हतं. पायांना वळण कळत नाही, ते आपले वळतात. त्या कोपराच्या आत करवंदीच्या जाळ्या होत्या, गुडघाभर गवत होतं आणि गवतात आडवे दगड होते. इस्रायली लोकांचं, म्हणजे आमच्याकडच्या ज्यूंचं, कबरस्तान.

आमच्या गावाच्या इतिहासात हे लोक किती जुने, ते कोणी सांगू शकत नाही. कुठल्याशा काळात जहाज फुटलं आणि वाचलेली माणसं कोकणच्या किनाऱ्याला लागली, असं ती स्वतः सांगत. पुढे गावोगाव पांगली, तेलाचे घाणे चालवू लागली, भात लावू लागली, आमच्यासारखंच बोलू लागली. बायका लुगडी नेसत, आणि त्यांचा मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा खोबरं घातलेला प्रसाद, सगळ्या गावात वाटला जाई. त्यांच्या देवळाला ती मशीद म्हणत, म्हणून गावही मशीद म्हणे. भाताच्या गिरणीमागची ती बसकी कौलारू इमारत मुसलमानांची नाही, हे मला शाळेत जायला लागल्यावर कळलं. मग एकेक घर उठलं. काही ठाण्याला गेली, बरीचशी इस्रायलला. गावाच्या नावापुढे 'कर' लावून केलेलं आडनाव घेऊन ती तिकडे वाळवंटाच्या कडेला राहतात. इथला एक पत्ता आपला असा परदेशात फिरतो आहे, याची मला फार मौज वाटते.

गावात राहिले एकटे गिरणीवाले काका. गिरण बंद होऊनही बरेच दिवस झाले, पण घराला गाव अजून गिरणीचं घरच म्हणतं. मुलगी तिकडे. बायको इथे, कबरस्तानात, पहिल्या ओळीत, अगदी बांधाला लागून. तिथे सगळ्यात शेवटी झालेली कबर ती. काका दर शुक्रवारी सकाळी तिथलं तण उपटायला येतात. मी गेले तेव्हा ती कबर स्वच्छ होती, आणि तिच्या आजूबाजूच्याही.

मी बांधाच्या कोपरावर उभी होते आणि मला काकांची गिरण आठवली. लहानपणी भाताचं बोचकं डोक्यावर देऊन आई मला पाठवायची आणि बजावायची, उद्या शनवार, गिरण बंद, आजच जा. मला वाटायचं, यंत्राला पण आठवड्याची सुट्टी लागत असेल. शनिवारी बंद असलेली गिरण आणि शनिवारी बंद असलेला बांध. दोन्ही गोष्टी जन्मभर माझ्यासमोर होत्या आणि त्या एकमेकींना कधी भेटल्याच नव्हत्या. त्या क्षणी ट्यूब पेटली: शनिवार हा इस्रायली लोकांचा विसाव्याचा वार, त्या दिवशी ते कामाला हात लावत नाहीत. मी तशीच चिखलाच्या पायांनी काकांच्या घरी गेले.

काका पडवीत बसून लसूण सोलत होते. मी सगळं एका दमात सांगितलं.

"बाय, मी तर समजत होतो, शनवार तुमच्या गावदेवीचा वार असंल," ते म्हणाले. "माझा बाप म्हणायचा, देवानं बरं केलं, आपला शब्बाथ आणि गावाची सुट्टी एकाच दिवशी आणली."

म्हणजे आम्ही समजत होतो आमच्या देवाचं, ते समजत होते त्यांच्या देवाची कृपा, आणि खरं काय ते दोघांनाही ठाऊक नाही! मी इतकी हसले की काकांनी पाणी आणून दिलं. मग तेही हसायला लागले. मग म्हणाले, "थांब. माझ्या बहिणीला विचारू. ती इस्रायलला गेली तेव्हा मी लहान होतो. तिला आजीचं सगळं ठाऊक."

बहिणीला फोन लावला तो रविवारी, कारण शनिवारी ती फोनला हात लावत नाही. पडद्यावर पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची म्हातारी दिसली. मागे फ्रिज, फ्रिजवर हिब्रूतलं कॅलेंडर. आणि तोंड उघडलं तर काय, आमच्या आजीच्या वेळची भाषा! आता गावात कोणी तसं बोलत नाही. मला ती 'पोरी' म्हणाली. साठी उलटल्यावर आपल्याला कोणी पोरी म्हणणारं उरलं आहे, या आनंदात मी पहिले दोन प्रश्न विसरले.

"व्हय गो, ठाव हाय ना," ती म्हणाली. "आजी घाण्यावर बसून सांगायची. येकदा शनवारी बांध फुटला. हाक गेली. आमच्यातलं कोन नाय गेलं. शनवार ना! सांजेला घरं पुकारली, आमच्या येकाही घरातून हाय नाय आला. मग काय, गाव चिडला. आमाला कोन चुलीला इस्तव देई ना, घाण्यावर तीळ आनी ना."

"मग?"

"मग आमची मानसं रविवारी सकाळी गेली बांधावर. न बोलवता. घरटी दोन-दोन. काम तर झालेलं. तरी ती दिसभर माती टाकत रायली, बांध उचलत रायली. गावचा पंच बसून बघत होता. सांजेला बोलला, शनवारी हाक जायाची नाय. पन रविवारी तुमच्या घरातून दोन मानसं यायला पायजेत. आनी बांध तुमच्या कबरस्तानाला वळसा घालून नेऊ. तुमचे मेलेले बाहेर कशाला ठेवायचे?"

मी म्हटलं, "मावशी, हे खरं कशावरून?"

"आजी खोटं बोलायची," ती विचार करून म्हणाली. "किती शेर तेल निघालं त्यात बोलायची. पन ह्याच्यात नाय."

मला आनंद मावेना. कोपर सुटला, शनिवार सुटला, दोन्ही एकाच गाठीचे निघाले. पुरावा म्हणाल तर एका म्हातारीचा शब्द आणि एक वाकडा बांध. मला तेवढा पुरला. त्याच आठवड्यात देवळात गावकीची बैठक होती, तिथे मी उभी राहून सगळं सांगितलं. वर्गात सांगावं तसं, हातवारे करून. लोकांनी मन लावून ऐकलं, हसले, दोन बायकांनी डोळे पुसले. मी खूश होऊन खाली बसते न बसते तोच माझाच पुतण्या म्हणाला, "मग आत्या, आता ते लोक हायत कुठं? एकटे काका. आमची सुट्टी शनवार-रविवार. शनवारी मोकळे असून घरी बसायचं आणि रविवारी काम उरलं की सोमवारी रजा टाकून बांधावर जायचं, ह्याला काय अर्थ?"

मागून दोन-चार आवाज आले, बरोबर हाय. विषय तिथेच राहिला. नाग चावला असं लोकांना वाटत होतं तोवर शनिवार सुरक्षित होता. खरं कारण मी शोधून आणलं आणि त्याच्या जिवावर उठले की काय, असं मला वाटू लागलं.

काकांच्या कानावर गेलंच होतं. "पोरगं चुकीचं नाय बोललं," ते म्हणाले. मग लसणाची सालं गोळा करू लागले. "पण तुला सांगतो, बाय. मशिदीला कुलूप हाय. आमच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते आता पेण, रोहा, अष्टमी सगळं पालथं घातलं तरी मिळत नाय. मी आपला घरी बसून पुटपुटतो. कबरस्तान तर कबरस्तानच. आमचं म्हणून या गावात चालू काय हाय? हा एक शनवार. तो पण माझ्यामागं जाईल, हे मला कळतं. माझ्यासमोर नको जायला, एवढंच."

मी लसूण सोलू लागले.

आश्विनातल्या उधाणाला बांध फुटला. भात पोटरीतून बाहेर येऊन दाण्यावर आलेला, आणि शुक्रवारी दुपारच्या भरतीला बांधाला खांड पडली. कुठे, तर त्या कोपरावरच. पाण्याचा सगळा मार तिथेच बसतो, हे मी नकाशात पाहून गावाला सांगितलंही होतं. पण आपलं बरोबर निघावं असं नेहमीच वाटत नाही. संध्याकाळी ओहोटीला हाक गेली. काकाही फावडं घेऊन आले. सूर्य बुडायला आला तसं त्यांनी फावडं धुतलं, एकदा त्या पहिल्या ओळीकडे पाहिलं आणि घरी गेले. घरी शब्बाथचा दिवा लागायची वेळ झाली होती; त्यांचा शनिवार शुक्रवारी सूर्य बुडतानाच सुरू होतो. बाकीचेही अंधार पडल्यावर थांबले. रात्रीच्या भरतीने ती सगळी ओली माती धुऊन नेली.

शनिवारी उजाडता उजाडता मी गेले तर अर्धं गाव बांधावर उभं. हाक गेली नव्हती, माणसं आपणहून आली होती. काहींच्या हातात फावडी होती आणि काहींनी ती बांधाच्या उताराला, तात्यांना दिसणार नाहीत अशी ठेवली होती. खांड रात्रीत दुप्पट रुंद झाली होती. खारं पाणी कबरस्तानात शिरून पहिल्या ओळीच्या दगडांना लागलं होतं आणि ओहोटीबरोबर मागे जाताना माती घेऊन जात होतं. दुपारची भरती शुक्रवारच्यापेक्षा मोठी येणार होती. ती आली असती तर पहिली ओळ गेली असती आणि मागोमाग गावाचा भात. हे सगळ्यांना दिसत होतं.

पुतण्या पुढे झाला. "तात्या, सांगा. सुरू करतो."

"शनवार हाय," तात्या म्हणाले.

"पण कारण आता माहीत झालंय ना!"

"म्हणून तर," तात्या म्हणाले. "माहीत नव्हतं तेव्हा मोडला असता तर चाललं असतं. बापाची सवय मोडली, असं म्हटलं असतं. आता माहीत हाय का गावानं माणसांना शब्द दिलाय. तो मी कसा मोडू?"

माझ्या मनात आलं, वा तात्या! आणि लगेच आलं, अहो पण पाणी! दोन्ही एकदम. मी शिकवताना मुलांना सांगत असे की एका प्रश्नाला एकच बरोबर उत्तर असतं. बांधावर उभं राहून ते सांगून बघावं एकदा कोणीतरी.

मग काका येताना दिसले. शनिवारचे पांढरे कपडे, डोक्यावर काळी टोपी, हात रिकामे. हळूहळू बांधावरून चालत आले आणि खांडीच्या तोंडाशी थांबले. खाली त्यांच्या बायकोची कबर होती, तिच्या पायथ्याची माती खचलेली. ते तिच्याकडे बघत तात्यांशी बोलले. दोघं एका वयाचे, एकाच शाळेत मार खाल्लेले.

"तुम्ही काम करा, असं मी सांगत नाय," काका म्हणाले. "मला आज तसं सांगता पण येत नाय, शब्बाथला दुसऱ्याला काम सांगणं पण आमच्यात चालत नाय. मी एवढंच सांगतो, माझ्यासाठी थांबू नका."

"शब्द तुझ्या एकट्याला नाय दिलेला," तात्या म्हणाले. "तुमच्या सगळ्या घरांना दिलेला. तू एकटा कसा सोडवशील?"

काका किंचित हसले. "देवासमोर उभं राहायला आमच्यात दहा लागतात. गावासमोर उभं राहायला मी एकटा पुरे की रे."

तात्यांनी मान खाली घातली. मान वर न करताच म्हणाले, "एक शनवार. हा एकच. पुढचा परत तुझा." आणि मग मागे वळून, खाडीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात, आमच्या गावात आज हयात असलेल्या कोणीही कधी ऐकली नव्हती ती शनिवारची हाक दिली.

उताराला दडवलेली फावडी वर आली. माणसं ओळीत उभी राहिली आणि चिखलाचे गोळे हातोहात जाऊ लागले. तळाला पेंढा, त्यावर चिखल, त्यावर पुन्हा पेंढा. बायका आल्या, मीही घुसले. काका एका बाजूला उभे होते, हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून. एकदा गोळे देणाऱ्याचा पाय घसरला आणि ओळ तुटली. तुटली ती नेमकी काकांच्या पुढ्यात. गोळा त्यांच्या पायाशी येऊन पडला. त्यांनी खाली पाहिलं. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तो उचलला नाही. मला क्षणभर त्यांचा चक्क संताप आला. बायकोची कबर समोर जाते आहे, आणि या माणसाला एक गोळा उचलवत नाही! मग मला त्यांचे पाठीमागचे हात दिसले. एका हाताने दुसऱ्याचं मनगट असं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. माझा राग जिथल्या तिथे विरला. त्या दिवशी बांधावर सगळ्यात जास्त जोर कोणाचा लागला, ते मला कळलं. मी वाकून तो गोळा उचलला आणि पुढे दिला.

भरती आली, बांधाच्या माथ्याला लागली, बराच वेळ तिथेच घुटमळली आणि उतरली. खांड धरली होती. पहिली ओळ राहिली. एक कबर खचली ती काकांच्या बायकोची, पण दगड जागेवर राहिला. तात्यांनी घरं पुकारली. हाय, हाय, हाय. गिरणीच्या घरापाशी ते अडखळले. काका समोरच उभे होते, कोरड्या पायांनी. ते काही बोलायच्या आत तात्या म्हणाले, "ते घर उद्या," आणि पुढचं घर घेतलं.

मला वाटलं, लाज राखायला बोलले. माणूस थकलेला, म्हातारा, तो कशाला येतोय उद्या.

रविवारी सकाळी पुतण्याला मीच उठवलं. ओला बांध वरून अजून चेपायचा होता. आम्ही पोचलो तर काका आमच्याआधी येऊन माती टाकत होते. जुनी खाकी पँट, कमरेला पंचा. एक फावडं हातात होतं. दुसरं, तेवढंच जुनं, तेवढंच धुऊन आणलेलं, त्यांच्या बायकोच्या कबरीजवळ मातीत उभं रोवलेलं होतं. पुतण्याला वाटलं जास्तीचं आहे. तो ते घ्यायला वाकला, तर काका म्हणाले, "ते ऱ्हाव दे, बाबा. त्याला माणूस हाय."

तो ओशाळून मागे सरला आणि घरी जाऊन आपलं फावडं घेऊन आला. दिवसभर तो काकांच्या शेजारी उभा राहून काम करत होता. दोघं काय बोलत होते ते मी, चौकशी खिडकी असूनही, ऐकायला गेले नाही.

सांजेला तात्यांनी घरं पुकारायला सुरुवात केली. आमचं घर झालं, शेजारचं झालं. मग त्यांनी काल राहिलेलं घर पुकारलं.

"गिरणीचं घर?"

"दोन हाय," काका म्हणाले.

कोणी हसलं नाही. तात्यांनी त्या उभ्या फावड्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि पुढच्या घराला हाक दिली.